हलकी चाके की दुसरे काही? कोल्हापुरातील एका पोलोचे प्रकरण

कोल्हापुरातील फोक्सवॅगन पोलो गाड्यांच्या पाच मालकांनी मिळून एकाच बनावटीच्या हलक्या अलॉय चाकांची मागणी एकदम नोंदवायचे ठरवले होते. त्यांच्या आणखी एका पोलोवाल्या मित्राने ती चाके आधीच बसवून घेतली होती, त्या चाकांवर कोइंबतूरच्या ट्रॅकवर एक दिवस गाडी चालवली होती आणि परत आल्यावर "गाडी दुसरीच झालीया, पिसागत पळतीया" एवढ्या एका वाक्यात आपला निष्कर्ष मित्रांना सांगून टाकला होता. मित्रांपैकी एकजण हिशेबी निघाला. पैसे भरण्याआधी हा फरक खरोखर वजनाचाच आहे का, हे कोणीतरी तपासावे असा आग्रह त्याने धरला आणि सस्पेन्शन व अलाइनमेंटचे काम मी करत असल्यामुळे गाडी माझ्याकडे आली. पुढे त्या तपासणीचे वृत्त दिले आहे. नावे मंडळींच्या इच्छेनुसार वगळली आहेत. काही आकडे प्रत्यक्ष मोजलेले आहेत, काही हिशेबासाठी धरलेले आहेत, आणि कोणता आकडा कोणत्या जातीचा हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

गाडी आणि गाडीमालक

गाडी फोक्सवॅगन पोलो, 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिनाची शक्ती 110 पीएस, टॉर्क 175 न्यूटन मीटर, आणि रिकाम्या गाडीचे वजन सुमारे 1,100 किलो. गाडी जुनी घेतलेली असल्यामुळे आधीच्या मालकाने बसवलेली 16 इंची, दिसायला रुबाबदार पण कोणत्या कारखान्यात ओतली आहेत याचा पत्ता न लागणारी अलॉय चाके तिच्यावर होती. त्यांवर 195/55 आर 16 मापाचे (रुंदी 195 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची) साधे टायर होते.

गाडीमालकांचे शिवाजी उद्यमनगरात मशिन शॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून आलेल्या ओतीव भागांचे मशिनिंग ते करून देतात, त्यामुळे ओतकामातली सच्छिद्रता, जाडी आणि वजन यांबद्दल त्यांना नव्याने काही सांगावे लागत नाही. गाडी चालवण्याची गोडी मात्र त्यांना इथल्याच मोहिते रेसिंगच्या कार्टिंग ट्रॅकवर लागली, जिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. ही गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची आहे, कारण कार्टला स्प्रिंग नसते. टायरमधला आणि हवेच्या दाबातला लहानसा बदलही तिथे थेट पाठीला कळतो आणि चालकाची जाण त्यावर घडत जाते. त्यामुळे या गृहस्थांना फरक "वाटला" हे मी कधीच नाकारले नाही. तो कशामुळे वाटला, एवढाच प्रश्न होता.

ट्रॅक म्हणजे कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयम येथील करी मोटर स्पीडवे. फॉर्म्युला मारुती गाड्यांचे रचनाकार एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ट्रॅक सुमारे 2.1 किलोमीटर लांबीचा आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक साधारण 3.7 किलोमीटरचा आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे करीवर लांब सरळ रस्ता फारसा मिळत नाही आणि वळणे, ब्रेक व पुन्हा वेग घेणे हेच सतत चालते, हे ध्यानात येईल. कोल्हापुरातून हुबळी, दावणगेरे, बंगळुरू करत तिथे जायचे तर हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. एवढ्या दुरून एका दिवसासाठी गेलेला माणूस परतताना "पैसे वसूल झाले" असे म्हणण्याकडे झुकतो, हेही तपासणाऱ्याने विसरू नये.

चाकांबरोबर आणखी काय काय बदलले होते

नवी चाके 15 इंची, 7 जे (म्हणजे 7 इंच) रुंदीची, फ्लो फॉर्मिंग पद्धतीची. या पद्धतीत चाकाचा मधला भाग नेहमीसारखा ओततात आणि बाहेरची नळीसारखी भिंत गरम अवस्थेत रोलरखाली दाबून, ताणून पातळ करतात. त्यामुळे तिची ताकद वाढते आणि वजन नेमके परिघाजवळ घटते. माझ्याकडच्या वजनकाट्यावर जुने रिकामे चाक 9.6 किलो भरले, नवे 6.3 किलो. टायर धरून जुनी जोडणी 18.5 किलोची होती, नवी 14.6 किलोची. प्रत्येक कोपऱ्याला 3.9 किलो आणि चारही मिळून 15.6 किलो वजन उतरले होते.

मित्रमंडळींची चर्चा या आकड्यापाशी थांबली होती. पण जुनी आणि नवी जोडणी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा वजन सोडून बदललेल्या गोष्टींची रांगच लागली.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट व्यासाची. नवे टायर 195/55 आर 15 मापाचे होते. रुंदी तीच, टक्केवारी तीच, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची दोन्हीकडे 107 मिलिमीटर. रिम मात्र एक इंचाने लहान. मापावरून काढला तर जुन्या टायरचा व्यास 621 मिलिमीटर येतो आणि नव्याचा 595 किंवा 596. चाक लहान झाले की त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना, जमिनीवर पोचणारा जोर तेवढ्या प्रमाणात वाढतो. इथे तो 4 टक्क्यांहून थोडा अधिक वाढला. गिअरबॉक्स न उघडता गाडीचे सगळे गिअर आखूड झाले होते. शिवाय स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, त्यामुळे पूर्वी काट्यावर ताशी 96 दिसत असे त्या वेगाला आता 100 दिसू लागले. चालकाला गाडी जोरात उचलते असे वाटायला याहून वेगळे काही लागत नाही.

दुसरी गोष्ट, व्यास घटल्यामुळे गाडी जवळजवळ 13 मिलिमीटर खाली बसली. लोक यासाठी स्प्रिंग बदलतात. इथे ते फुकटात झाले, आणि त्याची किंमत म्हणून राजारामपुरीतल्या एका गतिरोधकावर गाडीचे पोट घासू लागले, हे मालकांनी नंतर सांगितले.

तिसरी गोष्ट टायरच्या रबराची. जुने टायर ट्रेडवेअर 400 च्या वर्गातले, टिकाऊ पण कडक. नवे 200 च्या वर्गातले, मऊ आणि चिकट. टायरच्या भिंतीवर छापलेला हा आकडा पकड मोजत नाही, झिजण्याचा वेग सांगतो, आणि तोही प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. तरीही 400 वरून 200 वर आलेल्या माणसाला ट्रॅकवर पकडीतला फरक पहिल्याच वळणावर कळतो. ट्रॅकवर गाडीला जे काही करायचे असते, म्हणजे वेग घेणे, थांबणे, वळणे, ते सारे तळहाताएवढ्या चार पट्ट्यांतून होते. त्या पट्ट्यांचा मालच बदलल्यावर चाकांच्या वजनाला श्रेय देणे म्हणजे नव्या आचाऱ्याच्या हातच्या जेवणाचे श्रेय पातेल्याला देण्यासारखे आहे.

उरलेल्या दोन गोष्टी लहान आहेत. रिमची रुंदी साडेसहावरून सात जे झाल्यामुळे टायरची भिंत जरा ताणून बसली होती, त्यामुळे स्टिअरिंग वळवल्यावर गाडीचा प्रतिसाद किंचित लवकर येतो. ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, 42 वरून 35 मिलिमीटर झाल्यामुळे प्रत्येक चाक 7 मिलिमीटर बाहेर सरकले होते. त्याने गाडी भक्कम वगैरे झाली नाही, पण ब्रेक लावताना एका बाजूला खड्डा आला की स्टिअरिंग हाताला ओढ देऊ लागले. ही ओढ "रस्त्याची जाणीव वाढली" म्हणून नोंदवली गेली होती.

वजनाचा हिशेब

गाड्यांच्या शौकिनांत एक ठोकताळा फिरत असतो की, चाकातला 1 किलो म्हणजे गाडीतले 10 किलो. काही जण 4 म्हणतात, काही 7. हा ठोकताळा कुठून निघाला हे सोडून देऊ. पण वेग घेण्यापुरता त्याचा खरेखोटेपणा कागदावर पाच मिनिटांत तपासता येतो.

चाक गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. त्याला वेग देताना दोन्ही कामांसाठी जोर खर्च होतो. पुढे नेण्यासाठी लागतो तो त्याच्या वजनाएवढा, गाडीतल्या इतर कोणत्याही वजनासारखाच. फिरवण्यासाठी लागतो तो वजन केंद्रापासून किती दूर आहे यावर अवलंबून असतो. समजा सगळे वजन टायरच्या अगदी बाहेरच्या परिघावर आहे, याहून दूर ते असूच शकत नाही, तर फिरवण्याचा वाटा पुढे नेण्याच्या वाट्याएवढा येतो आणि 1 किलो म्हणजे 2 किलो होतात. ही कमाल मर्यादा. त्यापुढे 4, 7 किंवा 10 होण्याचा मार्ग भौतिकशास्त्रात नाही.

प्रत्यक्षात रिमचे वजन परिघावर नसते. 15 इंची रिमचे वजन केंद्रापासून साधारण 15 सेंटिमीटरवर एकवटल्यासारखे वागते असे धरले आणि जमिनीपासून केंद्रापर्यंतची उंची 29 सेंटिमीटर धरली, तर या दोहोंच्या गुणोत्तराचा वर्ग 0.27 च्या आसपास, म्हणजे पाव वाट्याहून किंचित अधिक येतो. अर्थात रिममधला 1 किलो हा वेग घेताना सुमारे 1.3 किलोसारखा वागतो. टायरचे वजन मात्र बरेच बाहेर, 25 सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे टायरमधला 1 किलो पावणेदोन किलोंच्या जवळ जातो. यातून एक व्यवहारी गोष्ट निघते, जी हौशी मंडळी क्वचितच पाहतात. एकाच मापाच्या दोन टायरांच्या वजनात किलोभराचा फरक सहज असू शकतो, आणि तो किलो रिममधल्या किलोपेक्षा मोलाचा असतो. टायर घेताना दुकानदाराला वजन विचारणारे गिऱ्हाईक मी फारसे पाहिलेले नाही.

आता या गाडीचा हिशेब. रिममध्ये वाचले 13.2 किलो, टायरमध्ये 2.4 किलो. वरच्या प्रमाणांनी ते गाडीतल्या 21 ते 22 किलोंएवढे होतात. चालकासह गाडी 1,175 किलो धरली तर ही बचत दोन टक्क्यांच्या किंचित आत बसते, आणि शक्तीच्या भाषेत सांगायचे तर 110 पीएसच्या इंजिनात सुमारे 2 पीएस वाढल्यासारखे. डिकीतली स्टेपनी, जॅक आणि पान्यांची पिशवी घरी ठेवून गेले तरी जवळपास एवढेच पदरात पडते. त्याच वेळी लहान व्यासाने गिअर आखूड करून त्याच गिअरमध्ये जोर या दोन टक्क्यांच्या दुपटीहून अधिक, म्हणजे 4 टक्क्यांवर वाढवला होता. तो लाभ मात्र फेरीभर टिकत नाही, कारण आखूड गिअर लवकर संपतो आणि वरचा गिअर आधी घ्यावा लागतो. घड्याळाला त्याचे विशेष काही वाटत नाही. पाठीला मात्र खूप वाटते.

तर मग हलक्या चाकाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो वेग घेण्यात नसून रस्त्याला चिकटून राहण्यात आहे. चाक, टायर, ब्रेक, हब (ज्यावर चाक बसते तो भाग) आणि सस्पेन्शनच्या दांड्यांचा काही भाग हे सारे स्प्रिंगच्या खाली येते. या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्याला ते 35 किलोंच्या आसपास धरता येईल. त्यातून 4 किलो काढले तर ते अकरा टक्के होतात. खड्डा किंवा कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) आला की हे वजन वर उडते आणि ते पुन्हा जमिनीवर आणण्याचे काम स्प्रिंगला आणि शॉकअपला करावे लागते. टायरच्या स्वतःच्या लवचिकतेवर हे वजन सेकंदाला बाराएक वेळा थरथरू शकते. वजन घटले की ही थरथर सेकंदाला 13 च्या जवळ सरकते, लवकर विरते आणि टायर जमिनीवर अधिक वेळ टेकलेला राहतो. शॉकअप थकलेले असतील तर हा फरक जास्त जाणवतो, कारण थकलेल्या शॉकअपला 35 किलो आवरणे जड जात असते. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. ज्याचे शॉकअप गेलेले आहेत त्याने त्या पैशांत आधी शॉकअप बदलावेत.

बोल्ट आणि मधले कडे

तपासणीत एक गोष्ट अशी सापडली की, तिच्यासमोर वजनाचा वाद बाजूला ठेवावा लागला. मालकांनी सहज बोलता बोलता सांगितले होते की, ताशी शंभरच्या आसपास स्टिअरिंग बारीक थरथरते, आणि ट्रॅकवरून आल्यापासून ती थरथर वाढली आहे. हलकी चाके रस्ता जास्त सांगतात, त्यातलाच हा प्रकार असावा अशी त्यांची समजूत होती.

चाके उतरवली. या गाडीच्या हबचा मधला उंचवटा 57.1 मिलिमीटरचा असतो. नव्या चाकांचे मधले भोक, बाजारातल्या अनेक चाकांप्रमाणे, सर्व गाड्यांना चालावे म्हणून 73.1 मिलिमीटरचे ठेवलेले होते आणि मधली फट भरायला प्लॅस्टिकचे कडे दिलेले होते. पुढच्या दोन्ही चाकांतले कडे ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडून अंडाकृती झाले होते. एकाची कड वितळून हबला चिकटली होती आणि नखाने खरवडली तर निघत होती. कड्याचे काम चाक मधोमध बसवण्याचे. बोल्ट एकदा आवळले की भार चाक आणि हब यांच्या दाबलेल्या पृष्ठभागावर जातो, कड्यावर नाही. पण आवळतानाच चाक केसभर बाजूला बसले तर ते तसेच फिरत राहते.

त्याहून वाईट गोष्ट बोल्टची होती. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग, गोलाकार असते, चेंडूच्या तुकड्यासारखी. या चाकांतली बैठक 60 अंशांच्या शंकूची होती. ज्या दुकानात चाके बसवली तिथे जुनेच बोल्ट लावून दिले होते. गोल बैठक शंकूत बसते ती पूर्ण पृष्ठभागावर नाही, एका बारीक वर्तुळरेषेवर. बोल्ट काढून पाहिले तर प्रत्येकावर ती चकचकीत रेष उमटली होती आणि चाकाच्या ॲल्युमिनियममध्ये तिची खोबण पडायला लागली होती. रेषेवर दाब एकवटला की मऊ धातू हळूहळू दबतो, बोल्टचा ताण उतरतो आणि पाना लावून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. या गाडीसाठी ठरवून दिलेला टॉर्क 120 न्यूटन मीटर आहे. टॉर्क पाना त्या मापावर लावून फिरवला तेव्हा पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट टक्‌ आवाज येण्याआधी चांगलेच फिरले. अशा चाकांवर ट्रॅकवर दिवस काढून आणि पुढे हजार किलोमीटर येऊन गाडी सुखरूप पोचली होती.

मालक हातातला बोल्ट प्रकाशात धरून बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "हे मी माझ्या शॉपमध्ये चालवून घेतलं नसतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच लेथवर ॲल्युमिनियमच्या बारमधून चार कडी काढून आणली. बाहेरचा व्यास चाकात अंगठ्याने दाबल्यावर बसेल असा, आतला हबवर सरकेल पण डगडगणार नाही असा, आणि हबच्या मुळाशी जो गोलावा असतो त्यावर कडे अडून बसू नये म्हणून आतल्या कडेला चॅम्फर मारलेला. व्हर्नियरने मापे पाहिली, ती बरोबर होती. शंकूच्या बैठकीचे, एम 14 × 1.5 आट्याचे बोल्ट मागवले. बैठकीतल्या खोबणी उथळ होत्या, त्यामुळे चाके वापरण्याजोगी राहिली. कडी आणि बोल्ट बदलल्यावर थरथर पूर्ण गेली. हलक्या चाकांच्या नावावर जमा झालेली ही "रस्त्याची जाणीव" एवढ्यावर संपली.

करीवरची दुसरी फेरी

वजनाचा परिणाम एकटा पाहायचा तर बाकी सारे सारखे ठेवायला हवे होते. योग असा आला की, गटातल्या दुसऱ्या एका पोलोवर साधी ओतीव 15 इंची, 7 जे रुंदीची चाके होती, वजन 8.7 किलो. त्यांवर 195/55 आर 15 मापाचे साधे टायर होते. आमच्या मालकांनी चिकट टायर उतरवून त्याच कंपनीचे, त्याच जातीचे टायर आपल्या हलक्या चाकांवर चढवले. आता दोन्ही संचांत व्यास एक, रबर एक, रुंदी एक, आणि ऑफसेटमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक. वजनातला फरक प्रत्येक चाकाला 2.4 किलो, हिशेबाने गाडीच्या सुमारे एक टक्का. दोन्ही गाड्या मिळून करीला गेल्या.

पहिला निकाल चाचणी सुरू होण्याआधीच लागला. हलक्या चाकांवर, पण साध्या टायरांवर, पहिल्या काही फेऱ्या मारून आल्यावर मालकांचे मत होते : "गाडी चांगली हाय, पण मागच्या वेळची मजा नाही." चाके तीच होती. उतरले होते ते फक्त चिकट रबर.

त्यानंतरची पद्धत अशी ठेवली. चालकाने हेल्मेट घालून आसनावरच बसून राहायचे. गाडी पक्क्या काँक्रीटवर स्टँडवर घेऊन चारही चाके काढायची, आणि कधी दुसरा संच बसवायचा, तर कधी काढलेलीच चाके पुन्हा लावायची. दोन्ही वेळा जॅकचा, पान्याचा आवाज सारखाच. चालकाने येऊन फक्त सांगायचे, कोणता संच आहे. गरम टायरमधला दाब प्रत्येक वेळी सारखा करून घ्यायचा. या शेवटच्या अटीवर मी अडून बसलो होतो, कारण टायरचे तापमान दर 10 अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो, आणि दोन-तीन पीएसआयचा फरक गाडीच्या वागण्यात चाकाच्या दोन किलोंपेक्षा ठळक दिसतो. सावलीत ठेवलेला संच आणि उन्हात ठेवलेला संच यांची तुलना करणारे लोक बहुधा उन्हाचीच चाचणी घेत असतात.

घड्याळाने काहीही निर्णय दिला नाही. जीपीएस लॉगरवरच्या वेळा पाहिल्या तर एकाच संचावरच्या लागोपाठच्या फेऱ्यांमध्ये चालकाच्या हातून जी तफावत पडत होती, तिच्यात दोन संचांमधला फरक बुडून गेला. हे अपेक्षितच होते. एक टक्का वजनाचा फरक हौशी चालकाच्या घड्याळात दिसावा अशी आशा धरणेच चूक.

ओळखण्याच्या बाबतीत मात्र निकाल सरळ नव्हता. गुळगुळीत भागावर, वळणातून बाहेर पडताना वेग घेण्यावरून चालकाला संच ओळखता आला नाही. तिथे त्याचे सांगणे नाणे उडवल्यासारखे होते, आणि जड चाकेच पुन्हा लावलेली असताना "आता हलकी आहेत, लगेच कळलं" असेही एकदा ठामपणे सांगून झाले. पण ज्या फेऱ्यांत त्याने वळणाच्या आत कर्बवर चाक घातले, त्या फेऱ्यांनंतर त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघाला. हलक्या संचावर कर्बचा ठोका एकदाच बसतो आणि विरतो, जड संचावर त्याच्यामागून एक लहानशी थरथर येते, असे त्याने वर्णन केले. वर दिलेल्या हिशेबाशी हे जुळते. तरीही एक शंका मी नोंदवून ठेवतो. पातळ भिंतीच्या चाकाचा आवाज जाड चाकाहून वेगळा, जरा पोकळ येतो, आणि कर्बवर तो आवाज ऐकून चालक नकळत ओळखत असण्याची शक्यता या चाचणीत वगळता आलेली नाही. कानात बोळे घालून पुन्हा करावे असे मी सुचवले होते, पण तोवर ट्रॅकची वेळ संपत आली होती आणि मंडळींना चहा हवा होता.

शिरोलीचा रस्ता आणि मागणीचे पुढे काय झाले

गमतीची गोष्ट अशी की, ट्रॅकसाठी घेतलेल्या चाकांचा फरक सर्वांत स्पष्ट जाणवला तो कोल्हापुरात परतल्यावर, शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या उखडलेल्या अंतर्गत रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, कामगारांच्या सायकलींच्या वेगाच्या जरा वर. तिथे मागच्या आसनावर बसलेल्या मित्रालाही संच ओळखता आला. खराब रस्त्यावर स्प्रिंगखालचे वजन सतत उडत असते, त्यामुळे हे व्हायलाच हवे. अडचण एवढीच की, जिथे हलक्या चाकाचा उपयोग सर्वांत जास्त होतो तिथेच ते मोडण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली गेलेले असतात, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकोऱ्यांनी रस्त्याच्या कडा तुटलेल्या असतात. तिथे पातळ भिंतीच्या रिमची आतली कड वाकली तर ती सहसा दिसतही नाही, हवा कमी होऊ लागली की मग शोध लागतो.

वाकलेली कड गॅसने तापवून ठोकून सरळ करून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत. पोलादी रिमपुरते ते चालते. अलॉय चाकाचे ॲल्युमिनियम ओतल्यावर साधारण 540 अंशांवर तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा दीडशे-एकशे साठ अंशांवर काही तास ठेवून कडक केलेले असते. त्यावर गॅसची ज्योत फिरली की तेवढ्या भागाचा कडकपणा जातो, चाक गोल दिसते आणि पुढच्या खड्ड्यात फाटते. गाडीमालकांना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही, पण गटातल्या एकाच्या मनात जुनी, सरळ केलेली हलकी चाके स्वस्तात घेण्याचे होते, त्याचा विचार तिथेच बदलला. चाकावर जेडब्ल्यूएलची खूण असली म्हणजे झाले, हीही समजूत त्याने सोडावी असे मी सांगितले. ती खूण जपानच्या हलक्या चाकांच्या मानकाची असते, पण ओतीव साच्यात तीन अक्षरे कोरायला कोणाची परवानगी लागत नाही. चाक किती भार सोसेल याचा आकडा आणि बनवणाऱ्याची कागदपत्रे मागावीत, ती नसतील तर दुकानातून बाहेर पडावे.

एकत्रित मागणी पाचाऐवजी दोनच संचांची झाली. ज्यांच्या गाडीवर 17 इंची, अकरा किलोंच्या जवळ जाणारी चाके होती त्यांनी ती घेतली, कारण त्यांच्या बाबतीत वजनातली बचत खरोखरच मोठी होती, आणि व्यास लहान करूनच ती निम्मी साधणार होती. गटातल्या हिशेबी सदस्याने चाके न घेता ट्रॅकसाठी चिकट टायरांचा एक संच, चांगले ब्रेक पॅड आणि नवे ब्रेक ऑइल घेतले. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो आणि ओलावा शोषल्यावर तो 155 अंशांपर्यंत उतरू शकतो, हे वाचल्यावर त्याला आपल्या गाडीतले दोन पावसाळे काढलेले ऑइल आठवले होते. बाकीच्या दोघांनी काहीच घेतले नाही, मात्र सगळ्यांनी आपापले बोल्ट काढून बैठक तपासून घेतली. त्यांतल्या एका गाडीत तसलीच गोल बैठक शंकूत बसवलेली निघाली.

मूळ गाडीमालकांनी हलकी चाके ठेवली आहेत. त्यांवर पुन्हा चिकट टायर चढले आहेत आणि ती फक्त ट्रॅकसाठी राखली आहेत. रोजच्या वापराला कंपनीची मूळ 16 इंची चाके जुन्या बाजारातून मिळवून बसवली आहेत, त्यामुळे राजारामपुरीतल्या गतिरोधकावर पोट घासणेही थांबले. चाके बदलली की पन्नासेक किलोमीटर चालवून, गाडी थंड झाल्यावर, टॉर्क पाना पुन्हा 120 वर लावून पाहायचा, हे त्यांनी शॉपमधल्या तपासणीच्या फळ्यावर लिहून ठेवले आहे.